जात्यापाशी जन्मलेली कविता

बालमित्रांनो, तुमच्या मराठीच्या पुस्तकात एखादा अभंग किंवा चार-दोन ओव्या बहुतेक असतातच. त्या तुम्ही पाठ करता, चालीवर म्हणता आणि परीक्षेत 'कवितेचा भावार्थ लिहा' असा प्रश्न आला की गाळलेल्या जागा भराव्यात तसं काहीतरी भरून येता. खरं ना? आज मी तुम्हांला भावार्थ विचारणार नाही. एक वेगळाच प्रश्न विचारते. ही कविता जन्माला कुठे आली असेल? देवळाच्या गाभाऱ्यात? राजाच्या दरबारात? की पंडितांच्या पाठशाळेत?

तिन्ही उत्तरं चूक! ती जन्मली पहाटेच्या काळोखात, घराच्या एका कोपऱ्यात, जात्यापाशी.

तुमच्यापैकी किती जणांनी चालू जातं पाहिलंय? हळदीच्या दिवशी सुपारी बांधून पूजा करतात ते नव्हे. रोज पहाटे उठून पायली-पायली ज्वारी दळतात ते. दगडाच्या दोन गोल तळ्या, एकावर एक. खालची स्थिर, वरची फिरणारी. वरच्या तळीला मधोमध तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. एका हातानं खुंटा धरून फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं तोंडात मूठभर दाणे टाकायचे. त्या मूठभर दाण्यांना 'वैरण' म्हणतात. (गुरांची वैरण वेगळी हं!) दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडंभरडं येतं, मग पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यायची. गिरणी येण्यापूर्वी घरातल्या माणसांना भाकरी मिळायची ती घरातल्या बाईनं पहाटे दीड-दोन तास हे ओढल्यावरच.

आता दीड-दोन तास, अंधारात, एकटीनं किंवा दोघींनी समोरासमोर बसून दगड ओढायचा, तर तोंडानं गप्प कसं बसवेल? दगडाची घरघर एका लयीत चालते. त्या लयीवर शब्द आपोआप चढतात. त्यातून आली ओवी. त्या ओवीत कोण असायचं? सासरी आलेल्या मुलीचा भाऊ, तिची आई, तिचं माहेराचं गाव, तिची लेकरं आणि हो, विठोबा. पण हा विठोबा लांबचा देव नव्हे बरं का! तो कधी तिचा भाऊ, कधी बाप आणि पुष्कळदा आई. पंढरपूर म्हणजे तर तिचं माहेर. ज्या बाईला माहेरी जायला वर्षातून एकदासुद्धा मिळत नव्हतं, तिनं देवाच्या गावालाच माहेर करून टाकलं.

हे मी मनानं सांगत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. (हे कल्याणी म्हणजे आताच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. आपलं ठाण्याजवळचं कल्याण नव्हे.) त्या ग्रंथात स्वयंपाकापासून हत्तींपर्यंत सगळं आहे. गाण्यांची माहिती देताना राजा नोंद करतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षं ओवी घराघरांत होती आणि ती राजाच्या कानापर्यंत पोचलेली होती!

मग ज्ञानेश्वरांनी काय केलं? पैठणजवळ गोदावरीकाठच्या आपेगावच्या घराण्यातला हा मुलगा. संन्याशाची पोरं म्हणून या चार भावंडांना लोकांनी वाळीत टाकलेलं. गीतेचा अर्थ सगळ्यांना कळेल असा सांगायचा, असं ज्ञानेश्वरांनी ठरवलं तेव्हा त्यांच्यासमोर संस्कृतातले भारदस्त श्लोक होतेच की. पण त्यांनी निवडली ती बायकांची ओवी! तीन चरणांना यमक, चौथा चरण थोडा आखूड आणि मोकळा. मला आपलं वाटतं, तो चौथा आखूड चरण म्हणजे जात्यात वैरण टाकायला घेतलेला श्वास असावा. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये प्रवरेच्या काठी नेवासे इथे हा ग्रंथ पुरा झाला. नेवासे आताच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर सांगत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत, तो 'पैसाचा खांब' तिथे अजून दाखवतात. नऊ हजारांच्या आसपास ओव्या! आणि सांगणाऱ्याचं वय किती? परंपरेनं मानलेलं जन्मवर्ष १२७५ धरलं, तर पंधरा. म्हणजे आपल्या दहावीतल्या दादाएवढं.

आता ओवीची धाकटी बहीण पाहू. अभंग! त्याचं गणित इतकं सोपं आहे की तिसरीतली मुलंसुद्धा बोटांवर करतात. मोठ्या अभंगात चार चरण. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळायला हवं. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, गणांची भानगड नाही. आमच्या वर्गानं मागच्या वर्षी फळ्यावर सगळ्यांनी मिळून एक ओळ केली, ती अशी :

शाळेची ती घंटा । वाजते जोरात ।
पोरांची वरात । धावतसे ॥

मोजा बरं! सहा, सहा, सहा, चार. 'जोरात' आणि 'वरात' जुळले. यात भक्ती नाही, शहाणपण नाही, पण माप बरोबर आहे. माप इतकं सोपं होतं म्हणून तर ते कुणालाही घेता आलं. लिहिता न येणाऱ्यालाही! कारण पाठ करायला अभंगासारखी सोपी वस्तू नाही.

आणि कुणी कुणी घेतलं ते? इथेच खरी गंमत आहे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. प्रत्येकाच्या नावाला त्याचा धंदा चिकटलेला. आणि नुसता नावाला नाही, कवितेलाही! नामदेवांच्या अभंगात सुई-दोरा आणि कात्री येते. नरहरीच्या अभंगात सोनाराची मूस येते, सेनाच्या अभंगात न्हाव्याचा आरसा. सावतोबा सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. मळा भिजवता भिजवता त्यांना वाफ्यातल्या भाजीतच विठोबा दिसायला लागला. पंढरपूर अरणहून काही फार लांब नाही, तरी हा माणूस काम टाकून गेला नाही, म्हणतात. म्हणून मग देवच त्याच्याकडे आला अशी कथा आहे. सगळ्या पालख्या पंढरपूरला जातात, पण विठ्ठलाची पालखी अरणला येते, ती याचसाठी!

गोरोबाकाकांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नसेल तर ऐका. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे त्यांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' या नावानं रोमन व्यापाऱ्यांपर्यंत माहीत असलेलं जुनं गाव आहे ते. एकदा सगळी संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली. मुक्ताबाईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. "काका, हे कशाला?" "पोरी, यानं मडकं ठोकून बघतात, कच्चं की पक्कं." "मग आमची मडकी बघा की!" गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे! नामदेवांना याचा फार राग आला आणि फार वाईटही वाटलं. मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. पण लक्षात घ्या, संतांमधला मोठा कोण हे ठरवायला इथे शास्त्र आणलं नाही की वादविवाद झाला नाही. आणलं ते कुंभाराचं हत्यार.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा 'आवा म्हणजे काय?' असा प्रश्न आला. मी पुस्तकी उत्तर दिलं : मडकी भाजण्याची भट्टी. मागच्या बाकावरून एक हात वर झाला. हा मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नसे. त्याच्या बोलण्याला बाकीचे हसत, 'व्हय-न्हाय' म्हणून चिडवत. तो उठला आणि सांगू लागला. आवा कसा रचतात, खाली काय घालतात, वरून राख कशी टाकतात, वारा सुटला तर काय होतं, मडकं पिकलं हे आवाजावरून कसं ओळखतात. टण् आवाज आला तर पक्कं, भद् आला तर फुटकं. पाच मिनिटं तो बोलत होता आणि सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. कुणी हसलं नाही. तो धडा त्या दिवशी त्यानंच शिकवला.

पालकहो, इथे दोन शब्द तुमच्याशी बोलते. 'शुद्ध बोल' असं आपण मुलांना उठता-बसता सांगतो. परीक्षेसाठी प्रमाण मराठी यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण घरची बोली म्हणजे अडाणीपणा असं मुलाच्या मनात बसलं, तर मग गोरोबांचा, सावतोबांचा अभंग त्याला कोणी आणि कसा समजावायचा? ही कविता दिसायला पुस्तकात आहे, पण तिचे शब्द माळ्याच्या मोटेवरचे, कुंभाराच्या चाकावरचे, वाण्याच्या तराजूतले आहेत. तुकोबा देहूचे. घरात शेती, दुकान आणि सावकारी. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला. मग आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. त्यांच्या अभंगांत माप, भांडवल, देणं-घेणं, पेरणी आणि रास हे शब्द जागोजाग का येतात, ते यावरून समजेल. दुकानात बसलेल्या माणसाचेच शब्द आहेत ते!

आता थोडं अवघड बोलायचं आहे.

पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक भक्ताचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, असं मानतात. आणि तिच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चोखोबांची समाधी आहे. सहलीला गेलो तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "बाई, चोखोबा बाहेर का? आत का नाही गेले?"

काय सांगायचं? जे खरं तेच सांगायचं. चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीनं महार. त्या काळात त्यांच्या जातीच्या माणसांना देवळात पाऊल टाकू देत नसत, त्यांची सावलीही विटाळ मानत. ज्या विठोबासाठी ते अभंग रचत होते, त्याला जवळून पाहायची त्यांना बंदी होती. पुढे मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामाला त्यांना लावलं. ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून ते आणि बाकीचे मजूर मेले. ते साल १३३८ मानतात. परंपरा सांगते की नामदेव स्वतः तिथे गेले, त्यांनी ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेव त्यांना देवळापर्यंत आणू शकले, दाराच्या आत नाही.

चोखोबांचं सगळं घरच कवींचं होतं. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळ्यांचे अभंग आपल्याकडे आहेत. कर्ममेळा तर देवाशी सरळ भांडतो. आणि सोयराबाई फार शांतपणे एक प्रश्न विचारतात : विटाळ जर देहातच असतो, तर देह नसलेला माणूस मला दाखवा. सातशे वर्षं होत आली, याला कुणी उत्तर दिलेलं नाही.

मंगळवेढ्याहून पंढरपूर जवळ आहे. पण चोखोबांच्या समाजाला त्या देवळात शिरायला किती वर्षं लागली? सहाशेहून जास्त! १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा मंदिर हरिजनांना खुलं करण्याचा निर्णय झाला. ('हरिजन' हा शब्द त्या काळचा आहे, आता आपण तो वापरत नाही.) 'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी तेच. आणि १९५० पासून लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यताच बेकायदा ठरवली. माझ्या वर्गातली ती मुलगी हे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग समाधी आत का नाही नेली?" मी तिला म्हटलं, नकोच न्यायला. दिसू दे की बाहेर.

आता पुन्हा जात्याकडे वळू, कारण जनाबाई राहिल्या! परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. लहानपणीच नामदेवांच्या घरी कामाला आल्या. दळण, कांडण, झाडलोट, धुणी हे त्यांचं आयुष्य आणि हेच त्यांच्या अभंगांतलं जगही. फक्त त्यांच्या बरोबरीनं तिथे विठोबा काम करत असतो. तो दळू लागतो, शेणी वेचू लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून एक जातं दाखवतात, ते अवश्य पाहा. दासीच्या घरी देव मोलकरणीचं काम करतो, ही कल्पना कुठल्या पंडिताच्या डोक्यात आली असती असं मला नाही वाटत. ती दळणाऱ्या बाईलाच सुचणार.

बायकांच्या कवितेची सुरुवात तर त्याहून जुनी. तेराव्या शतकातली महदंबा ही मराठीतली पहिली कवयित्री मानतात. ती महानुभाव पंथाची. तिनं रचले 'धवळे', म्हणजे लग्नातली गाणी. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे त्या पंथाचं मोठं ठिकाण. मराठी भाषेचं विद्यापीठ २०२४ साली तिथेच सुरू झालं. बहिणाबाई मात्र दोन आहेत आणि परीक्षेत त्यांचा हमखास घोटाळा होतो. एक संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. त्यांचं माहेर वेरूळच्या परिसरातलं देवगाव. त्यांनी स्वतःची जीवनकथाच अभंगांत सांगितली. दुसऱ्या बहिणाबाई चौधरी, खानदेशातल्या जळगावजवळच्या असोद्याच्या, १८८० ते १९५१ या काळातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या आपल्या बोलीत गात, मुलगा आणि मावसभाऊ लिहून ठेवत. ते कागद आचार्य अत्र्यांनी पाहिले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. निघालं नसतं तर? तर ती सगळी गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

एकनाथांबद्दल न सांगता पुढे गेले तर पैठणकर रागावतील. सोळाव्या शतकातले हे विद्वान ब्राह्मण. त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून, नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेल्या चुका काढून, १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. एवढं झाल्यावर माणूस ग्रंथातच रमायचा. पण नाथ रस्त्यावर आले! वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी बाई, विंचू चावलेला माणूस या सगळ्यांची सोंगं घेऊन त्यांनी भारुडं रचली. गावात दारोदार फिरणाऱ्यांची भाषा, त्यांच्या चाली, त्यांचे हेल. स्नेहसंमेलनात भारूड करणार असाल, तर नुसते कपडे घालून उड्या मारू नका. खरा वासुदेव किंवा गोंधळी कुठे भेटला तर आधी त्याचं ऐका.

ज्याच्या-त्याच्या मातीतली ही कविता मग लांब लांबही गेली. कोकणात बांद्याला अठराव्या शतकात सोहिरोबानाथ आंबिये झाले. हे कुलकर्णी होते. हिशेबाच्या कामाला निघाले असताना वाटेत फणस फोडून बसले आणि तिथे आलेल्या योग्याला त्यांनी गरे दिले, तोच त्यांचा गुरू झाला, अशी तिकडची आवडती गोष्ट आहे. कोकणातली गोष्ट म्हटल्यावर फणस हवाच! शेजारच्या गोव्यात चवथीला मराठी आरत्या म्हणतात त्या घुमटाच्या तालावर. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे, घोरपडीला कायद्यानं संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचं आलं. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य ठरवलं. तिकडे तमिळनाडूत तंजावरला मराठे राजे गेले, त्यांच्यामागून मराठी कीर्तनकार आणि रामदासी गेले. आज चेन्नईच्या कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटाकडे एखादा अभंग गायला जातो, त्याची वाट तंजावरहून जाते. आणि नामदेव? ते तर थेट पंजाबात! शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ती आपल्या मराठीत नाहीत, तिकडच्या भाषेत आहेत. माणूस जिथे गेला तिथल्या लोकांच्या बोलीत बोलला. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी ते राहिले, म्हणून २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं.

आता तुमच्यासाठी काम. आधी एक हकिकत सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी पुण्यातून एक खटाटोप सुरू केला. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायकांकडून त्यांच्या गटानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी स्वतःला कधी कवयित्री म्हटलं नव्हतं. ते काम सुरू झालं तेव्हा गावोगाव विजेची गिरणी येऊन गेली होती आणि जाती कोपऱ्यात पडायला लागली होती.

तुमच्या आजीला, पणजीला, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना विचारा. पण 'आजी, ओवी सांग' असं म्हटलंत तर ती म्हणेल, 'मला नाही बाई येत काही.' हे ऐकून माघारी फिरू नका. वही घ्या, जवळ बसा. ओवी जशी ऐकू येईल तशीच लिहा. 'व्हती' ला 'होती' करू नका, 'मपलं' ला 'माझं' करू नका. खाली आजीचं नाव, तिचं माहेर, तिला ती कुणी शिकवली आणि ती म्हणताना हात काय करत होते, हे चारही लिहा. माहेर नक्की लिहा. कारण ओवी माहेरून सासरी येते, आणि एकाच गावातल्या दोन आज्यांची चाल निराळी का, ते त्यावरूनच कळतं. मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवता आला तर उत्तमच.

आमच्या शाळेत आम्ही एका मुलाच्या पणजीला बोलावलं होतं. त्यांना खुर्चीवर बसवलं, हार घातला, पुढे माइक ठेवला. त्यांना एक ओळ आठवेना. दोनदा सुरू केलं, दोनदा थांबल्या, हसून पदर तोंडाला लावला. मग शिपाईमामांनी पोषण आहाराच्या खोलीतून जुनं जातं उचलून आणलं आणि खाली पोतं अंथरलं. पणजी खुर्चीवरून उतरल्या, एक पाय लांब करून बसल्या, खुंट्याला हात घातला. रिकामंच जातं एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली आणि पुढे अर्धा तास त्या थांबल्याच नाहीत. मधे एकदा फक्त म्हणाल्या, "दाणं टाका की रं पोरांनो, दगडावर दगड घासतोय."